उन्हाळी लागली? लाजू नका, दुखणं अंगावर काढू नका!

लग्नघरी असू, एस. टी.च्या प्रवासात असू की घरात पाहुणे असोत, आपण बायका एक गोष्ट हमखास करतो. पाणी कमी पितो आणि लघवी दाबून ठेवतो. ‘जाऊ नंतर, काय घाई आहे?’ मग दोन दिवसांनी जळजळ सुरू होते. आणि ती सांगायची कुणाला? सासूबाईंना की डॉक्टरांना? म्हणून मैत्रिणींनो, आधी ही व्यवस्थाच नीट समजून घेऊ या.

कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात! त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेतं आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी उरते. ती दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. या स्नायूंच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते.

तिथून बाहेर पडायची वाट म्हणजे मूत्रमार्ग. पुरुषांत ही वाट सुमारे २० सेंटिमीटर लांब असते, आपल्यात अवघी ४! शिवाय तिचं तोंड गुदद्वारापासून फार दूर नाही. आतड्यातले जंतू एवढंसं अंतर सहज चढून जातात. म्हणजे उन्हाळी ही दरवेळी नुसती ‘उष्णता’ नव्हे. पुष्कळदा तो जंतुसंसर्ग असतो. लघवीच्या धारेबरोबर जंतू धुतले जातात. ती दाबून ठेवली की त्यांना वाढायला आयतंच फावतं.

म्हणून दिवसभर बेताबेताने पाणी पीत राहा. शौचानंतर स्वच्छता पुढून मागे करा, मागून पुढे नव्हे. पतिपत्नीसंबंधानंतर लघवीला जाऊन यावं. आतले कपडे सुती असावेत.

धन्या-जिऱ्याचं पाणी खुशाल घ्या, पण त्यावरच विसंबू नका. जळजळ थांबली नाही तर लघवी तपासून घ्या. थंडी वाजून ताप आला, कुशीत किंवा पाठीत दुखलं, लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असू शकतो. गरोदर बाईने आणि मधुमेह असलेल्या बाईने तर साध्या जळजळीलाही थांबू नये. औषध सांगितलं तितके दिवस पुरं करा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर नकोतच!

आणि हो, आपल्या शाळकरी मुलीलाही विचारा, ‘शाळेत लघवीला जातेस ना?’ दाबून ठेवायची सवय तिथूनच लागते.