पहिली बंदूक : हलकी घ्यावी की जड?

म्हैसूरहून पश्चिमेला निघाले, हुणसूरची तंबाखूची शेते मागे टाकली, की थोड्याच वेळात कॉफीचे मळे लागतात. हा कोडगू, म्हणजेच जुने कूर्ग. इथल्या जुन्या कोडवा घराण्यांत मुलगा जन्मला की अंगणात बंदुकीचा एक बार काढायची रीत आहे. घरातले कुणी गेले की दोन बार. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पूजतात, म्हैसूरच्या राजवाड्यातही दसऱ्यात आयुधपूजा होते. कोडव्यांची कैलपोढ त्याआधीच, भातलावणी उरकली की सप्टेंबरच्या सुरुवातीला येते. त्या दिवशी घरातल्या बंदुकीला कळलावीची लालपिवळी फुले खोचली जातात आणि पूजेनंतर माडावरच्या नारळावर नेम धरला जातो.

देशात इतरत्र परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा. कोडव्यांना आणि इथल्या जम्मा जमीनधारकांना मात्र 1861 पासून सूट मिळत आली आहे. इंग्रज गेल्यावर 1963 मध्ये केंद्र सरकारने ती कायम ठेवली, 2019 मध्ये आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे 2029 पर्यंत वाढवली. तिच्याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये फेटाळली.

अशा मुलखात वयात येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पहिली बंदूक कोणती द्यावी, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे येतोच. उत्तरही बहुधा ठरलेले असते: स्वस्त, हलकी, एकनळी. एका वेळी एकच काडतूस भरायचे. बार काढला की नळी मोडून रिकामे काडतूस काढायचे, मगच दुसरे. शिकणाऱ्याला ही सक्तीची उसंत मिळते, हा एकनळीचा मोठाच गुण. नळी मोडलेली असली की बंदूक उडू शकत नाही आणि ते चार हातांवरूनही दिसते.

पण ‘हलकी’ या शब्दापाशी जरा थांबायला हवे. दुकानात पोराने बंदूक सहज उचलली की बाप खूश होतो. खरी परीक्षा बार काढल्यावर होते! काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी, तितका तिचा धक्का मोठा. पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला, की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांनी एकोणिसाव्या शतकात यावर एक सोपा हिशेब सांगितला होता. छर्ऱ्यांच्या वजनाच्या 96 पट बंदुकीचे वजन असावे. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात 32 ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात, म्हणजे बंदूक तीन किलोंची हवी. वीस बोअरमध्ये साधारण 25 ग्रॅम, तिला दोन किलो चारशे ग्रॅम पुरतात. अमेरिकेत मुलांसाठी म्हणून ज्या आखूड दस्त्याच्या एकनळी बंदुका निघाल्या, त्यांत म्हणूनच वीस बोअर आणि ‘चारशे दहा’ यांनाच मागणी असे. चारशे दहाचा धक्का अगदीच नाजूक. पण तिच्यात छर्रे इतके थोडे, की नेम जरा हलला तरी नारळ जागच्या जागी. नवशिक्याला ती मऊ वाटते, पण लागते मुरलेल्या हाताला.

आपल्याकडे मात्र बहुतेक सारा बाजार बारा बोअरचा. काडतुसेही तीच सहज मिळतात, पुण्याजवळच्या खडकीची ‘शक्तिमान’ तर सर्वांच्या ओळखीची. मग उपाय काय? तीन किलोंची बंदूक घ्यावी, हलकी शोधत बसू नये. आणि मिळाली तर कमी छर्ऱ्यांची काडतुसे वापरावीत. मुलाला ती फार वेळ पेलत नसेल, तर अजून वेळ आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मापही पाहावे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची पाठ दंडाला टेकवली, की बोट चापापर्यंत आरामात पोहोचले पाहिजे. दस्ता लांब वाटला तर सुतारकाम जाणणाऱ्या बंदूककाराकडून तो कापून घेता येतो, मूल वाढले की तुकडा परत जोडता येतो. नळीला मात्र करवत लावायची नाही. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा शस्त्र कायद्याने वेगळा गुन्हाच आहे. घोडा बाहेर असलेल्या बंदुकीत तो अंगठ्याने मागे ओढावा लागतो. पावसात ओल्या, लहान बोटांतून तो निसटतो, तेव्हा रिकाम्या बंदुकीवर याचा सराव भरपूर हवा.

घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर आणखी एक धोका. वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत पडले तर ते पुढे सरकून अडकते. मागचे घर रिकामेच दिसते. माणूस बाराचे काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी हातातच फुटते. म्हणून तर वीस बोअरची काडतुसे पिवळी करायची प्रथा पडली.

आणि शिकार? म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबाच्या कारखान्यात हजारो वाघ-बिबट्यांची कातडी भरली गेली, तो जमाना संपला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंधने घातली, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. काकांबरोबर रानात जाऊन एखादे रानकोंबडे आणणे ही गंमत नव्हे, तुरुंगाची वाट आहे. रानडुकराने शेत उकरले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण तो शिकारीचा परवाना नव्हे.

वयाचेही तसेच. शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीने बंदूक बाळगायची नाही; नियमांत बसणाऱ्या प्रशिक्षणापुरतीच सवलत. म्हणजे ‘मुलाची बंदूक’ असे आपण म्हणतो, ती असते मोठ्यांचीच. खरे तर बारा-तेराव्या वर्षी बारुदाची घाई कशाला? 0.177 बोअरच्या, 20 ज्यूलपर्यंतच्या छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीला 2016 च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. पक्ष्यांवर मात्र तीही चालवायची नाही. पाठीमागे मातीचा बांध, त्यापुढे कागदाचे निशाण आणि शेजारी जाणते माणूस, इतके असले की दोन पावसाळ्यांत नेम बसतो. बारा बोअर कपाटात राहू द्यावी, काडतुसे दुसऱ्या कपाटात आणि दोन्ही किल्ल्या आईकडे.