‘क्युरिअस’ लिहिताय? जरा थांबा!

तुमच्या सीव्हीत ‘क्युरिअस’ हा शब्द आहे का? माझ्या आहे. मास कॉमच्या आमच्या वर्गात तर जवळपास प्रत्येकाच्या सीव्हीत तो सापडेल. त्याच शब्दाने माझी मस्त फजिती केली.

कॉलेजच्या इंग्रजी अंकासाठी मी आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांवर लिहिलं होतं. वय ७६, पण नवीन ॲप आलं की पहिला प्रश्न यांचा. म्हणून कौतुकाने पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘अ क्युरिअस ओल्ड मॅन’. इंग्रजी शिकवण्यात हयात गेलेल्या आजोबांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “काय गं, मी विक्षिप्त वाटतो तुला?”

झालं असं, की या शब्दाला दोन तोंडं आहेत. जाणून घ्यायला उत्सुक असलेलाही क्युरिअस आणि चमत्कारिकही क्युरिअस. माणसाच्या आधी नुसता चिकटवला, तर वाचणारा कुठलाही अर्थ घेऊ शकतो. घटनेला किंवा वस्तूला लावला, तर अर्थ ‘अजब’च. पुढे ‘अबाउट’ आलं की गोंधळ मिटतो. जुन्या, दुर्मीळ वस्तूंचं ‘क्युरिओ शॉप’ असतं ना, तो ‘क्युरिओ’सुद्धा ‘क्युरिऑसिटी’चाच तुकडा.

मग ‘इन्क्विझिटिव्ह’ वापरावा? वापरा, पण जपून. त्यात कधी जिज्ञासा असते, कधी नको तेवढी चौकशी. ‘नोझी’ मात्र सरळ भोचक. नाक खुपसायची सवय दोन्ही भाषांत सारखीच! आपल्याकडेही ‘मुलगी चौकस आहे’ म्हणजे शाबासकी आणि ‘नसत्या चौकश्या’ म्हणजे बोलणी.

मला सगळ्यात आवडलं ते या शब्दाचं मूळ. लॅटिनमध्ये ‘कुरा’ म्हणजे काळजी. ‘क्युअर’ आणि ‘ॲक्युरेट’ त्याच घरातले. (‘केअर’ मात्र नाही, तो नुसता दिसायला नातेवाईक!) इंग्रजीत पूर्वी ‘क्युरिअस’ म्हणजे काळजीपूर्वक काम करणारा, असाही अर्थ होता. माझ्या ओळीत नेमकी तीच काळजी नव्हती.

तोवर अंक छापून झाला होता. आजोबांनी आपल्या प्रतीवर लाल पेनाने दुरुस्ती केली आणि ती मलाच दिली. सीव्हीतला शब्द मी काढलेला नाही. पुढे ‘अबाउट’ जोडलंय. त्यानंतर काय लिहायचं, हे ठरवायला मात्र अख्खी संध्याकाळ लागली.