जुन्या फोर-बाय-फोर ट्रकचं फिरतं घर : वेल्डिंग नंतर, वजन आणि पासिंग आधी

कर्जत / खालापूर (प्रतिनिधी) : शनिवार-रविवारी कशेळे, जांबरुख, चौक किंवा पेठच्या वाटेवर उभं राहिलं की हल्ली एक नवीन प्रकार दिसतो. मागे खोली बांधलेल्या गाड्या. आत गादी, शेगडी, पंखा, टपावर सोलर. मुंबई-पुण्याची मंडळी रात्री नदीकाठी थांबतात आणि सकाळी निघून जातात. आपल्याकडच्या पोरांनी हे बघितलंय. पिकअपचा हप्ता भरणारा, फॅब्रिकेशनचं दुकान टाकलेला, शेतावर दोन खोल्या भाड्याने देणारा, अशा तिघा-चौघांनी गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न विचारला. जुना फोर-बाय-फोर ट्रक घेऊन त्यावर आपणच खोली बांधली तर जमेल का?

जमेल. पण ज्या क्रमाने आपण काम करायला घेतो, तो क्रम उलटा आहे. आपल्याकडे आधी गाडी येते, मग वेल्डर येतो, मग सुतार, आणि शेवटी कुणीतरी आरटीओचं नाव काढतो. तोपर्यंत दोन-तीन लाख गेलेले असतात. म्हणून कागदापासूनच सुरुवात करू.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडी कंपनीने जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदली, त्यात मूळ रचनेला बाधा येईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. गाडी हप्त्यावर असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती हा आणखी वेगळा विषय.

याचा अर्थ फिरतं घर बेकायदा आहे असा नाही. केंद्राच्या वाहन नोंदणी प्रणालीत कॅम्पर व्हॅन हा स्वतंत्र वर्गच आहे. त्यातही दोन प्रकार आहेत. एक स्वतःच्या वापरासाठी, दुसरा व्यवसायासाठी. मोटार कॅराव्हॅन कशी असावी याचं तांत्रिक मानक आहे, एआयएस-१२४. अशा गाड्यांची तपासणी करून मान्यता देणारी संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीच्या अंगाला आहे, एआरएआय. म्हणजे रस्ता आहे, फक्त तो गावच्या वेल्डिंगच्या दुकानातून सरळ जात नाही. त्यातल्या त्यात बरी वाट म्हणजे मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून बॉडी करून घ्यायची आणि आतलं सामान, म्हणजे पलंग, कपाट, वायरिंग, आपण बसवायचं.

कर्जत-खालापूरच्या गाड्या पनवेल आरटीओकडे, एमएच-४६ मध्ये येतात. पहिला खर्च तिथल्या एका अर्जाचा करावा. गाडीचा मॉडेल, आरसीची प्रत, काय करायचंय त्याचं साधं रेखाटन जोडून लेखी विचारायचं आणि पोच घ्यायची. एजंटने तोंडी सांगितलेलं "होऊन जाईल" धरून चालू नका.

लिलावाच्या गाडीबद्दलही दोन शब्द. सरकारी खात्यांचे जुने ट्रक, जीप स्वस्तात मिळतात असं अनेकांना वाटतं. पण सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नव्याने होत नाही. लष्कराची मोहिमेसाठीची खास वाहनं त्यातून वगळली आहेत, बाकीच्या भंगार केंद्रातच जायच्या आहेत. जबलपूरच्या कारखान्यात १९५९ पासून १९९६ पर्यंत बनलेला शक्तिमान ट्रक आठवतो ना? जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर बनलेला, घाटात लष्कराच्या ताफ्यात दिसायचा तो. आजही त्याचं आकर्षण आहे. पण कागद नसलेला शक्तिमान म्हणजे शेतात उभं केलेलं लोखंड. हे मान्य असेल तरच हात घाला.

बटाट्याच्या सऱ्यांतून निघालेला ट्रक

जगात अशा कामासाठी ज्या ट्रकचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, तो मुळात शेतकऱ्यासाठी बनला होता हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जर्मनीतला युनिमॉग. दुसरं महायुद्ध संपता संपता आल्बर्ट फ्रीडरिश नावाच्या इंजिनिअरने तो आखला. १९४६ मध्ये नमुना तयार झाला. दोन चाकांतलं अंतर ठेवलं १,२७० मिलीमीटर, कारण तेवढ्यात बटाट्याच्या दोन सऱ्या बरोबर बसायच्या. इंजिन फक्त २५ अश्वशक्तीचं, पण चारही चाकांना ताकद, मागे छोटा हौदा, अवजारं चालवायला पीटीओ. नांगरट करायची आणि बाजारालाही जायचं. आपल्याकडे आज छोटा ट्रॅक्टर आणि पिकअप मिळून जे करतात ते हे एकटं करायचं. १९५१ मध्ये तो डाइम्लर-बेंझकडे गेला, १९५५ पासून त्याची लष्करी आवृत्ती निघाली, आणि तिकडच्या सैन्याने जुने ट्रक विकायला काढल्यावर लोकांनी त्यावर खोल्या बांधल्या.

त्या लोकांना जो धडा मिळाला तो आपल्या कामाचा आहे. खडबडीत वाटेसाठी बनवलेल्या ट्रकची चेसी मुद्दाम पिळणारी ठेवतात. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर गेलं तरी चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत म्हणून. आपली खोली मात्र पेटीसारखी ताठ असते. ताठ पेटी चार कोपऱ्यांत पिळणाऱ्या चेसीवर घट्ट आवळली तर काहीतरी फाटणारच. आधी दार अडकायला लागतं, मग कोपऱ्यातला जोड तडकतो, मग पावसाचं पाणी आत येतं, आणि शेवटी चेसीलाच चीर जाते.

उपाय घरातल्या तिवईत आहे. चार पायांची खाट उंचसखल जमिनीवर डगमगते, तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, बसते. म्हणून खोलीखाली वेगळी फ्रेम करायची. ती मागच्या बाजूला दोन ठिकाणी पक्की धरायची आणि पुढे मधोमध एकाच जागी, हलता येईल अशा सांध्यावर टेकवायची. दुसरी पद्धत म्हणजे मागे घट्ट बोल्ट आणि पुढच्या बाजूला स्प्रिंग लावलेले बोल्ट. चेसी पिळली की स्प्रिंग दबते, फ्रेम थोडी उचलते, परत बसते. आपले बॉडीवाले चेसी आणि हौद्याच्या मध्ये लाकडी पट्टी घालून यू-बोल्ट मारतात, त्यामागेही हाच विचार आहे. डांबरी रस्त्यावर माल वाहायला तेवढं पुरतं. ओढ्यात उतरवायची गाडी असेल तर पुरत नाही.

आणि चेसीला थेट वेल्डिंग करू नका. चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकंही पाडू नका. तापलेल्या जागी पोलाद कमकुवत होतं आणि तीच जागा पुढे घाटात तुटते. कंपनीने दिलेली भोकं वापरायची.

किलो-किलोचा हिशेब

आता वजन. समजा आरसी बुकावर एकूण वजन ४,४०० किलो आणि गाडीचं रिकामं वजन २,३०० किलो आहे. हौदा काढून ३५० किलो कमी झाले. हातात राहिले २,४५० किलो.

खालची फ्रेम १२० किलो धरा. ४० बाय ४० चा दोन मिलीमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो, ६० मीटर लागला तर १४५. पत्रा आणि आतला थर १८०. बारा मिलीमीटर प्लायची आठ बाय चारची शीट २२ किलोच्या आसपास, आठ शीट म्हणजे १७५. पाणी १५० लिटर म्हणजे १५० किलो. बॅटरी ६०, सोलर आणि वायरिंग ४०, शेगडी-भांडी ५०, गाद्या ४०, चार माणसं २८०, सामान १००, जॅक-पाने-दोर ६०. झाले १,४०० किलो. ट्रकवर हे आरामात बसतं. हेच सगळं १,२५० किलो क्षमतेच्या पिकअपवर टाकलं तर हौदा काढूनसुद्धा काठावर येतं. त्यात सुताराने घरच्या सवयीने १९ मिलीमीटर प्लाय वापरला की आणखी शंभर किलो वाढले आणि मर्यादा गेली. सुताराशी या एका गोष्टीवर भांडायला हरकत नाही.

पाण्याची टाकी खाली, दोन चाकांच्या मध्ये. बॅटरी खाली. टपावर सोलरशिवाय काही नको. नेरळ-माथेरानचा घाट किंवा बोरघाटाची वळणं उंच बोजा घेऊन उतरताना गाडी कशी कलते हे गवताचा पेंढा वाहणाऱ्याला सांगायला नको. खोली मागे किती बाहेर काढायची यालाही मर्यादा आहे. मागच्या चाकापुढचा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त नको.

गाडी भरल्यावर एकदा वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आपल्याकडे काट्यांची कमी नाही.

चालवण्याचं लायसन हा अनेकांचा प्रश्न. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर साधं एलएमव्ही लायसन चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावरचा जुना वाद मिटवला.

आत काय, कसं

कर्जतला पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. युरोपातले व्हिडिओ बघून केलेलं काम इथे दोन पावसाळे टिकत नाही. तिकडे थंडी अडवायची असते, इथे मार्चपासून ऊन आणि जूनपासून ओल. त्यामुळे माझं मत असं, की नवीन खोली बांधण्यापेक्षा दूध किंवा मासळीच्या गाडीवरची जुनी पफची पेटी शोधावी. भिंत आधीच इन्सुलेटेड, पाणी न मुरणारी, हलकी. खिडक्या कापायच्या आणि कापलेल्या कडा नीट बुजवायच्या. वास जायला महिना लागतो खरा.

विजेचा हिशेब घरच्या इन्व्हर्टरसारखाच. १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. वीस वॉटचा पंखा आठ तास १६०, दिवे ५०, मोबाइल ६०, छोटा डीसी फ्रिज दिवसभरात ३६०. बेरीज ६३०. तीनशे वॉटचं पॅनल उन्हाळ्यात हे भरून काढतं. जुलैत काढत नाही, तेव्हा फ्रिज बंद. एसीचा विचार सोडा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. गाड्या जळतात त्या बहुतेक इथूनच.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली बाहेर उघडणारं भोक ठेवायचं. पाच किलोचा सिलिंडर पुरतो. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपणं, किंवा इंजिन चालू ठेवून झोपणं, यात कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. वास येत नाही, खोकला येत नाही.

भाड्याने द्यायची असेल तर

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. खासगी पासिंगची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दोन प्रश्न विचारते. बदल आम्हाला कळवला होता का? आणि गाडी भाड्याने दिली होती का? दोन्हींचं उत्तर अडचणीचं असेल तर भरपाई मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. व्यावसायिक पासिंग घेतलं तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबरच कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, पाणी, वीज, मैला टाकायची सोय. शेतकऱ्याने गाडी बांधण्यापेक्षा हे करावं असं मला वाटतं. रस्त्यालगत दहा गुंठे मुरूम टाकलेली जागा, दोन संडास, एक शोषखड्डा आणि नळ. भांडवल कमी, आरटीओची कटकट नाही. आणि गरज खरोखर आहे. आज या गाड्यांचं सांडपाणी उल्हास आणि पेज नदीच्या काठावरच सोडलं जातं. तेच पाणी खाली बदलापूर, अंबरनाथ, कल्याणचे लोक पितात, आणि त्याआधी आपल्या वाड्यांतल्या बायका त्यात कपडे धुतात.

जागा निवडताना डोंगराचा उतार आणि ओढ्याचं पात्र टाळायचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर काय कोसळलं ते खालापूर तालुका विसरलेला नाही. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात दरवर्षी बंदी आदेश निघतात. गाडीत झोपलोय म्हणून तो आदेश लागू होत नाही असं नाही.

काम करायचंच ठरलं तर पनवेलचा अर्ज आत्ता द्या. उत्तर येईपर्यंत भात झोडून होईल, आणि फॅब्रिकेशनवाल्यांनाही दिवाळीनंतरच सवड असते. बाहेरचा रंग आणि टपाचे सांधे मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवून एकदा गाडी पाइपने तासभर भिजवून बघा. जिथून थेंब येईल तिथे खडूने खूण करा.