बाहुलीच्या मानेवरील खूण : कालनिर्णयाचा एक प्रश्न

जुन्या बाहुल्या व खेळातील चहाची भांडी यांचा संग्रह हा निव्वळ हौसेचा विषय होय, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः नाणे किंवा ताम्रपट हाती आल्यावर इतिहासाच्या अभ्यासकाला जे प्रश्न सोडवावे लागतात, तेच येथेही उपस्थित होतात. वस्तू केव्हाची, कोठली, आणि ती मूळ रूपात उरली आहे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील थुरिंजिया हा प्रदेश बाहुल्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध होता. सोनेबर्ग हे तेथील व्यापाराचे मुख्य ठाणे. बाहुलीचे डोके झिलई न दिलेल्या, भाजलेल्या चिनी मातीचे असे. धड पुष्कळदा लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचे. डोकी एका कारखान्यात, धडे दुसरीकडे आणि कपडे घरोघरी तयार होत. यास्तव केसांच्या टोपाखाली, मानेच्या मागील बाजूस उमटविलेली खूण डोक्याच्या कारखान्याची असते. संपूर्ण बाहुलीची नव्हे.

या खुणेतील आकडेही फसवे असतात. आर्मां मार्सेई यांच्या कारखान्याच्या काही डोक्यांवर १८९४ हा अंक आढळतो. तो साच्याचा निदर्शक आहे; त्या साच्यातून पुढेही डोकी निघत राहिली. म्हणून तो अंक बाहुलीचे जन्मवर्ष समजणे चुकीचे ठरते.

देशाच्या नावाची खूण अधिक उपयुक्त असते. अमेरिकेने १८९० मध्ये जकातीचा कायदा करून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालण्याची सक्ती केली. ती १८९१ पासून अंमलात आली. त्यामुळे जपानी चिनी मातीच्या खेळभांड्यांवर ‘निप्पॉन’ हा शब्द येऊ लागला. १९२१ मध्ये हा शब्द इंग्रजी नव्हे असे अमेरिकेने ठरविल्यावर त्याची जागा ‘जपान’ या शब्दाने घेतली. ‘ऑक्युपाइड जपान’ अशी खूण असलेली किटली दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाच्या, म्हणजे १९५२ मध्ये संपलेल्या, काळातील ठरते. मात्र खूण नाही म्हणून वस्तू १८९१ पूर्वीची, हा निष्कर्ष अग्राह्य होय. माल अन्य देशासाठी असेल, किंवा खूण केवळ पेटीवरच असेल. खुणेचे अस्तित्व काळाची पूर्वमर्यादा सांगते. तिचा अभाव स्वतः काहीच सिद्ध करीत नाही.

खूण खरी दिसत असूनही वस्तू नवी असू शकते. जुन्या डोक्यावरून साचा घेऊन नवे डोके ओतले, तर मूळ खूणही त्यात जशीच्या तशी उतरते. परंतु चिनी माती भाजताना आकसते. म्हणून अशी प्रतिकृती मूळ डोक्याहून लहान भरते. येथे अक्षरांपेक्षा मोजपट्टीची साक्ष अधिक विश्वसनीय असते.

तथापि कपटापेक्षा सद्‌हेतूनेच पुराव्याची अधिक हानी होते. तडा गेलेले धड बदलणे, फिकट गाल पुन्हा रंगविणे, विटलेला झगा काढून नवा चढविणे, हे सारे संग्राहक प्रेमापोटी करतो. बाहुली देखणी होते. पण डोके, धड व वस्त्र यांचा परस्परसंबंध, म्हणजेच तिचा इतिहास, कायमचा तुटतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. निर्दोष अवस्थेत उरलेल्या बाहुल्या बहुधा कपाटात जपलेल्या असतात. ज्यांच्याशी मुली रोज खेळल्या त्या फुटून गेल्या. म्हणून केवळ निर्दोष वस्तू वेचणारा संग्रह दुकानाचा इतिहास सांगेल, खेळाचा नव्हे. कान तुटलेली बशीवरची कपबशी आणि आईने दोनदा शिवलेला झगा यांचे मोल त्या दृष्टीने फार मोठे आहे.

यावरून संग्राहकाचे पहिले कर्तव्य स्पष्ट होते. दुरुस्ती अपरिहार्य असेल तर पूर्वस्थितीची मापे व छायाचित्रे घ्यावीत, काढलेला प्रत्येक भाग वस्तूबरोबरच जतन करावा, आणि केलेला बदल लिहून ठेवावा. अशी नोंद नसलेली दुरुस्ती पुढील अभ्यासकाच्या दृष्टीने फुटीहूनही घातक ठरते.