ब्रिटिश लष्करी अधिकारी व फुटबॉल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये नियमबद्ध झालेल्या फुटबॉलच्या जडणघडणीत व पुढे त्याच्या भारतातील प्रसारात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचा वाटा महत्त्वाचा आहे. १८७० नंतरच्या दशकात हे अधिकारी स्वतः खेळाडू म्हणून अग्रेसर होते; पुढे त्यांची भूमिका मुख्यत्वे संयोजकाची व आश्रयदात्याची झाली. भारतात स्पर्धात्मक फुटबॉल रुजला तो या दुसऱ्या टप्प्यात, गोऱ्या पलटणींबरोबर. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, हा खेळ कोठे रुजला व कोठे रुजला नाही हे समजण्यास हा क्रम ध्यानी घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी : फुटबॉलचे निरनिराळे प्रकार इंग्लंडमधील उच्चवर्गीय निवासी शाळांतून खेळले जात, परंतु प्रत्येक शाळेचे नियम वेगळे असत. १८६३ मध्ये लंडन येथे फुटबॉल असोसिएशनची स्थापना होऊन सामाईक नियम तयार झाले. लष्करात अधिकारी होणारे तरुण बहुधा याच शाळांतून येत. त्यांना खेळाची सवय होती व छावणीत फुरसतही मिळे. त्यामुळे असोसिएशनच्या नियमांनुसार खेळणाऱ्या पहिल्या प्रमुख संघांत लष्करी संघांचा समावेश झाला.

रॉयल एंजिनिअर्स : चॅटम येथील रॉयल एंजिनिअर्स या अभियंता दलाचा संघ त्यांत सर्वांत नामांकित होता. त्याच्या उभारणीचे श्रेय मेजर फ्रान्सिस मॅरिंडिन यांना दिले जाते. त्या काळी एकेका खेळाडूने चेंडू पायाशी ठेवून एकट्यानेच पुढे मुसंडी मारावी, अशी खेळाची रीत होती. १८६६ मध्ये ऑफसाइडचा नियम शिथिल झाल्यावर चेंडू पुढील सहकाऱ्याकडे देणे शक्य झाले. एंजिनिअर्सच्या संघाने चेंडू परस्परांकडे देत पुढे सरकण्याची सांघिक पद्धत लवकर आत्मसात केली. एकत्र राहणाऱ्या व एकत्र कवायत करणाऱ्या या अधिकाऱ्यांना अशा खेळासाठी लागणारा सराव सुलभ होता.

१६ मार्च १८७२ रोजी लंडनमधील केनिंग्टन ओव्हल मैदानावर एफ. ए. चषक स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला. त्यात वाँडरर्स संघाने एंजिनिअर्सचा १–० असा पराभव केला. सामन्याच्या आरंभीच लेफ्टनंट एडमंड क्रेसवेल यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तरीही ते अखेरपर्यंत मैदानात राहिले. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. १८७४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून पुन्हा हार पतकरल्यानंतर १८७५ मध्ये एंजिनिअर्सने ओल्ड इटोनियन्सविरुद्ध बरोबरीनंतर फेरसामना २–० असा जिंकून चषक मिळविला. मेजर विल्यम मेरिमन हे तिन्ही सामन्यांत गोलरक्षक होते. १८७८ मध्ये हा संघ चौथ्यांदा अंतिम फेरीत पोहोचला व वाँडरर्सकडून पराभूत झाला. मॅरिंडिन १८७४ ते १८९० या काळात फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष होते.

आंतरराष्ट्रीय सामने व भारताशी संबंध : इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७२ मध्ये ग्लासगो येथे गोलशून्य बरोबरीत सुटला. ८ मार्च १८७३ रोजी ओव्हलवर झालेला दुसरा सामना इंग्लंडने ४–२ असा जिंकला. त्यात इंग्लंडतर्फे पहिला गोल करणारे कॅप्टन विल्यम केन्यन-स्लेनी (१८४७–१९०८) हे ग्रेनेडियर गार्ड्‌समधील अधिकारी होते. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील पहिला गोल तो हाच. केन्यन-स्लेनी यांचा जन्म राजकोट येथे झाला. स्कॉटलंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोलही याच सामन्यात झाला. तो करणारे लेफ्टनंट हेन्री रेनी-टेल्यर (१८४९–१९२०) रॉयल एंजिनिअर्समध्ये होते व त्यांचा जन्म मसुरीचा. दोन्ही देशांचे पहिले गोल अशा रीतीने भारतात जन्मलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या नावे नोंदले गेले. याच सामन्यात इंग्लंडकडून खेळलेले एंजिनिअर्सचे लेफ्टनंट आल्फ्रेड गुडविन पुढच्याच वर्षी रुडकी येथे मृत्यू पावले. बढती, बदली व मोहिमा यांमुळे लष्करी खेळाडूची कारकीर्द अल्पकालीन ठरत असे.

अधिकाऱ्यांचा ऱ्हास : १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. लँकाशर व मिडलंड्‌समधील औद्योगिक शहरांचे संघ पुढे आले व हौशी अधिकाऱ्यांचे संघ मागे पडले. १८८८ मध्ये लष्कराची स्वतंत्र फुटबॉल संघटना स्थापन झाली. यापुढे लष्करी संघांत मुख्यतः कामगारवर्गातून भरती झालेले शिपाई खेळू लागले. पोलो, शिकार यांसारखे खर्चिक खेळ अधिकाऱ्यांपुरते राहिले. फुटबॉलला एक चेंडू व मोकळी जागा पुरे. छावणीतील रिकामपण, मद्यपान व रोगराई यांवर उपाय म्हणूनही अधिकारी या खेळास उत्तेजन देत.

भारतातील स्पर्धा : भारत सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नावाची स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याजवळील डगशाई येथे सुरू झाली. पहिला चषक रॉयल स्कॉट्‌स फ्युझिलिअर्स पलटणीने मिळविला. मुंबईत १८९१ मध्ये इंग्रज फुटबॉलप्रेमींनी रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू केली. तिची पहिली विजेती वूस्टर पलटण होती. या स्पर्धेवर प्रारंभीची अनेक दशके गोऱ्या पलटणींचे वर्चस्व होते. पलटणींच्या बदल्या होत असल्याने विजेतेही वारंवार बदलत. मुंबईचे कूपरेज मैदान या स्पर्धेमुळे प्रसिद्धीस आले.

भारतीय संघांनी हे वर्चस्व क्रमाने मोडले. कलकत्त्यात १९११ मध्ये बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशर पलटणीस २–१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. १९२३ मध्ये हाच संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात डरॅम लाइट इन्फन्ट्रीकडून पराभूत झाला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक जिंकला व १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने ड्युरँड चषक मिळविला.

कोकण व शेजारचा प्रदेश : पेशवाईच्या अस्तानंतर ब्रिटिशांनी दक्षिण कोकणात दापोली येथे लष्करी ठाणे वसविले. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्याचीच खूण होय. तथापि फुटबॉलचे नियम तयार होण्यापूर्वीच हे ठाणे मोडले होते. मुंबई लष्करात रत्नागिरी जिल्ह्यातून मोठी भरती होत असे. परंतु चषकांची स्पर्धा सुरू झाली तेव्हा जिल्ह्यात गोऱ्या पलटणीची छावणी नव्हती. पुणे, खडकी व कुलाबा येथील छावण्यांतून मिळालेली खेळाची संधी रत्नागिरीस त्यामुळे लाभली नाही.

केवळ छावणीवर मात्र खेळाचे भवितव्य अवलंबून नव्हते. लगतच्या गोव्यात पोर्तुगीज सत्ता असल्याने ब्रिटिश पलटणी नव्हत्या. तेथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी १८८३ मध्ये शिवोली येथे फुटबॉल सुरू केल्याचे मानले जाते. शाळा व गावोगावची चर्च यांच्याद्वारे तो गोव्याचा लोकप्रिय खेळ झाला. घाटमाथ्यावर कोल्हापुरात छत्रपती घराण्याचा आश्रय व पेठांतील तालमी यांमुळे त्याने मूळ धरले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ यांसारखी संघांची नावेच कुस्तीच्या आखाड्याशी असलेले नाते सांगतात. नियम, चषक व स्पर्धेची शिस्त अधिकाऱ्यांनी दिली. पण जेथे शाळा, तालीम किंवा स्थानिक मंडळ यांनी खेळ आपलासा केला तेथेच तो लोकांचा झाला.

स्वातंत्र्योत्तर स्थिती : १९४७ नंतर ब्रिटिश पलटणी परत गेल्या. ड्युरँड स्पर्धेचे संयोजन भारतीय सेनादलांकडे आले. गुरखा ब्रिगेड संघाने १९६६ व १९६९ मध्ये ती जिंकली. २०१९ मध्ये स्पर्धा दिल्लीहून कोलकात्यास नेण्यात आली. रोव्हर्स चषक स्पर्धा मात्र २०००–०१ च्या हंगामानंतर बंद पडली. आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा म्हणून ड्युरँड चषकाचा निर्देश केला जातो.