लाँच सुटण्याआधीचा भाव

घामाचा पैसा : भाग ७

उरण तालुक्यातल्या करंजात ‘लाँच’ म्हटलं की आधी आठवते ती धरमतर खाडी ओलांडून रेवसला नेणारी बोट. तिचं भाडं ठरलेलं, वेळ ठरलेली. पाणी उतरलं तर थोडं थांबावं लागतं इतकंच. जेट्टीवर क्रेटच्या चळतीला टेकून मोबाइलवर हिरव्या-लाल काड्या बघणाऱ्या पोराच्या तोंडी मात्र हल्ली दुसरंच लाँच असतं. कोणत्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी कधी येणार, आणि ती येण्याआधी शेअर कुठवर जाणार. ‘लाँचिंगच्या आधी घ्यायचा, लाँचिंगच्या दिवशी विकायचा’ हे सूत्र त्याला कुणी शिकवलं ते त्याला सांगता येत नाही. मोबाइलवरच्या गटातल्या सगळ्यांना ते माहीत असतं, एवढं त्याला पुरतं.

सगळ्यांना माहीत असणं, नेमकी इथेच अडचण आहे.

शेअर बाजार आजच्या नफ्याची किंमत लावत नाही, उद्याच्या अंदाजाची लावतो, हे या लेखमालेत आधीही आलं आहे. करंजाच्या माणसाला ते पुस्तकातून शिकायची गरज नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, आणि डिझेल-बर्फासाठी पैसा लागतो. मग व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. उचल देणारा माल आपल्यालाच आणि आपल्या भावाने मिळावा, ही अट घालूनच हात सैल करतो. म्हणजे जी पापलेटं अजून समुद्रात फिरत आहेत, त्यांचा सौदा बंदरावर आधीच झालेला असतो. बोट परत येते तेव्हा मासळी किती आली एवढ्यावर कुणाचं भागत नाही. उचल देताना जेवढी धरली होती त्यापेक्षा जास्त आली की कमी, यावर नफा-तोटा ठरतो. नव्या गाडीच्या घोषणेआधी शेअरचं असंच होतं. गाडी चांगली निघेल हे आधीच भावात धरलेलं असतं. मग गाडी खरोखर चांगली निघाली तरी भावाला चढायला नवं कारण उरत नाही.

आपल्या देशात हे समजून घ्यायला एक तारीख फार उपयोगी आहे, १५ ऑगस्ट २०२२. त्या एकाच दिवशी दोन कंपन्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारींचं स्वप्न दाखवलं. ओला इलेक्ट्रिकचे भाविश अग्रवाल यांनी एका चार्जमध्ये ५०० किलोमीटर धावणारी, चार सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी मोटार २०२४ मध्ये आणू, असं जाहीर केलं. त्याच दिवशी महिंद्राने इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या आपल्या डिझाइन केंद्रात पाच इलेक्ट्रिक एसयूव्हींचे नमुने मांडले. पुढे एकीकडे मोटार आली, दुसरीकडे आलीच नाही. शेअर मात्र दोन्हीकडे हलला.

ओलाचा शेअर तेव्हा बाजारात नव्हता. तो आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ७६ रुपयांना, सहा हजार कोटींहून मोठ्या विक्रीतून. तोवर मोटारीचा बेत बाजूला पडला होता आणि कंपनी दुचाकींवरच लक्ष देणार असं सांगितलं जात होतं. ९ ऑगस्टला शेअर ७६ लाच उघडला. ग्रे मार्केटमधला, म्हणजे नोंदणीआधीच्या अनधिकृत बाजारातला, उत्साह आधीच ओसरला असल्याने अनेकांनी नाक मुरडलं, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत शेअर वीस टक्क्यांच्या अप्पर सर्किटला, म्हणजे एका दिवसातल्या वाढीच्या कमाल मर्यादेला, ९१ रुपये २० पैशांवर जाऊन बसला. का? सहा दिवसांवर १५ ऑगस्ट होता. दरवर्षी त्या दिवशी काहीतरी मोठं जाहीर करायचा कंपनीचा शिरस्ता होता, आणि या वेळी इलेक्ट्रिक मोटारसायकल येणार हे सगळीकडे झालं होतं.

१४ ऑगस्टला तिमाहीचे आकडे आले. तोटा ३४७ कोटींचा होता, पण तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही. १५ ला ‘रोडस्टर’ मोटारसायकलींची मालिका जाहीर झाली, किंमत ७४,९९९ रुपयांपासून. सुट्टीनंतर १६ तारखेला बाजार उघडला आणि पुन्हा अप्पर सर्किट, १३३ रुपये. २० ऑगस्टला भाव १५७ रुपये ४० पैशांपर्यंत गेला. पंधरवड्याच्या आत पैसे दुप्पट झाले होते, ते ७६ ला घेऊन बसलेल्यांचे. त्या दिवशी १५७ ला कुणीतरी घेतलाही. प्रत्येक सौद्याला दुसरी बाजू असते. विकणारा कोण होता हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.

त्या भावात काय काय धरलं होतं, ते मांडून बघा. मोटारसायकल वेळेवर येईल, खपेल, सर्व्हिस सेंटरवरच्या रांगा आटोपतील, तोटा कमी होईल. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दहा हजारांहून जास्त तक्रारींचा हवाला देत कंपनीला नोटीस बजावली. दिवाळीच्या सुमारास शेअर ७६ च्या खाली उतरला. पहिल्या रोडस्टर ग्राहकांच्या हाती पडायला २०२५ चा मे उजाडला, आणि तेव्हा शेअर पन्नाशीच्या आसपास होता. पुढे जुलैत तो चाळिशीपर्यंत घसरला. ज्या गाडीच्या नावाने भाव १५७ झाला, ती रस्त्यावर आली तेव्हा भाव त्याच्या एक तृतीयांश होता.

महिंद्राची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त शिकवणारी आहे, कारण इथे गाडी आली, वेळेवर आली आणि लोकांना आवडली. २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत ‘बीई ६ई’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या दोन गाड्या समोर आल्या, सुरुवातीच्या किमती १८.९० लाख आणि २१.९० लाख. बनणार आपल्या चाकणमध्ये. डिसेंबरात इंडिगो विमान कंपनीने ‘६ई’ या नावाला हरकत घेतली, तेव्हा पहिलीचं नाव ‘बीई ६’ झालं. ऑक्सफर्डशायरच्या त्या दिवशी महिंद्राचा शेअर साडेबाराशेच्या घरात होता, चेन्नईच्या वेळी तीन हजारांजवळ. ही चढण इलेक्ट्रिक गाड्यांनी घडवली असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ती घडवली स्कॉर्पिओ-एनने, एक्सयूव्ही ७०० ने, थार रॉक्सने आणि ट्रॅक्टरने. विजेची स्वप्नं त्या पक्क्या भिंतीवर चढवलेला रंग होती. भिंत असल्यामुळेच तो टिकला.

१४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्यांची नोंद झाली, एक्स-शोरूम किमतीने ८,४७२ कोटी रुपयांची. भारतात इलेक्ट्रिक मोटारींसाठी असं कधी झालं नव्हतं. सोमवारी बाजार उघडेल आणि शेअर उसळेल, असं मानून बसलेल्यांची संख्या मोठी होती. त्या आठवड्यात शेअर चढला नाही, उतरला.

कारण दुसरीकडे होतं. १३ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधान मोदी आणि इलॉन मस्क यांची भेट झाली होती. पाठोपाठ टेस्लाने मुंबई आणि दिल्लीसाठी नोकरभरतीच्या १३ जाहिराती टाकल्या. आयात शुल्क कमी होणार, टेस्ला येणार, महिंद्रा-टाटांचं गिऱ्हाईक जाणार, अशी साखळी बाजाराने जोडली. एका पारड्यात तीस हजार गिऱ्हाइकांनी भरलेले पैसे, दुसऱ्या पारड्यात तेरा जाहिराती. त्या आठवड्यापुरतं जाहिरातींचं पारडं जड झालं.

पुढे काय झालं तेही नोंदवलं पाहिजे. टेस्लाचं दालन १५ जुलै २०२५ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून, म्हणजे महिंद्राच्या गाडीच्या अडीच-तीन पट. वर्षाखेरीपर्यंत टेस्लाची भारतातली विक्री शेकड्यांतच राहिली. महिंद्राने मार्चच्या उत्तरार्धापासून सुमारे सात महिन्यांत तीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकल्या. पण यातही एक खाच आहे. तीस हजारांचं बुकिंग एका दिवसात झालं आणि तीस हजारांची विक्री व्हायला सात महिने लागले. बुकिंगचे पैसे परत मागता येतात, आणि कारखान्याला दिवसाचे तासही तेवढेच असतात. बुकिंगचा आकडा वाचून त्याच दिवशी शेअर घेणाऱ्याने या दोन मुदतींमधलं अंतर हिशेबात धरलेलं नसतं.

खुद्द टेस्लाच्या गुंतवणूकदारांनाही हा अनुभव नवा नाही. चालकाशिवाय धावणारी टॅक्सी दाखवण्याची तारीख आधी ८ ऑगस्ट २०२४ ठरली होती, मग ती १० ऑक्टोबरवर गेली. त्या रात्री कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत स्टिअरिंग नसलेल्या गाड्या आल्या, दिवे लागले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास नऊ टक्क्यांनी पडला. ज्यांचा धंदा ही टॅक्सी बुडवणार असं म्हटलं जात होतं त्या उबरचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त वर गेला. गाडी कधी येणार, कुठल्या शहरात, किती खर्चात, याची उत्तरं लोक ऐकायला आले होते. ती मिळाली नाहीत, आणि महिनोन्महिने भरलेली हवा एका सकाळीत निघून गेली.

करंजाच्या जेट्टीवरचं पोर मात्र बहुतेक वेळा शेअर घेतच नाही. थोड्या पैशांत जास्त शेअरवर डाव लावता येतो म्हणून ते ऑप्शन घेतं, आणि इथला धोका सगळ्यात कमी सांगितला जातो. समजा शेअर ३,००० ला आहे आणि लाँचिंग दोन दिवसांवर. ३,१०० चा कॉल, म्हणजे मुदतीत शेअर ३,१०० ला घेण्याचा हक्क, एरवी २५ रुपयांना मिळतो, पण सगळेच तारखेकडे डोळे लावून बसल्याने तो ६० ला मिळतो. वादळाचा इशारा आला की विमा महाग व्हावा तसं हे आहे. गाडी जाहीर होते, लोकांना आवडते, शेअर ३,०४० होतो. पोराचा अंदाज बरोबर निघतो, तरी त्याचा कॉल २० वर येतो. वादळ होऊन गेलं, आता विम्याला कोण जास्त पैसे देणार? त्यात मुदत. महिंद्राचं चेन्नईतलं लाँचिंग २६ नोव्हेंबरला मंगळवारी झालं आणि त्या महिन्याचे ऑप्शन गुरुवारी, २८ ला संपत होते. ज्याने त्या महिन्याचा कॉल धरला होता, त्याच्याकडे बरोबर ठरायला दोन दिवस होते.

बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२५ च्या जुलैत दिलेला आकडा घरोघरी सांगायला हवा. २०२४-२५ या वर्षात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९१ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा एक लाख पाच हजार कोटींहून अधिक.

उरणच्या पट्ट्यात हे तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण इथला पैसा कुठून आला हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाच्या प्रश्नावर जासईला शेतकरी उभे राहिले, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आजोबांनी भातशेती सोडली, बापाला भूखंड मिळाला, तो विकला, आणि त्यातलेच काही पैसे आज नातवाच्या मोबाइलवर गुरुवार-मंगळवारच्या एक्स्पायरीला लागलेले असतात. ती शेती पुन्हा विकत घेता येणारी नाही.

आणि अपेक्षेवर भाव कसा चढतो हे याच घरांनी जमिनीच्या बाबतीत पाहिलं आहे. रेवस-करंजा पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये पुढे आली. काम हाती घेतलं जाईपर्यंत चार दशकं गेली. या काळात दोन्ही काठांवर ‘पूल होतोय’ म्हणून जमिनी हातोहात गेल्या. ज्याला चाळीस वर्षं थांबता आलं त्याची गोष्ट वेगळी. कर्ज काढून घेतलेल्याची वेगळी. शेअरमध्ये तोच फरक चार दिवसांत दिसतो.

मग लाँचिंगच्या आधी घेऊच नये का? कंपनी ओळखीची असेल, गाडी आली नाही तरी बाकी धंदा तिला पोसत असेल, आणि पैसा पाच वर्षं लागणार नसेल, तर तारखेची फिकीर करायचं कारणच उरत नाही. महिंद्राचा २०२२ चा भागधारक असाच कमावून गेला. आणि तारखेसाठीच घ्यायचा असेल, तर आधी एक गोष्ट करता येते. डिसेंबर २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या अडीचशे कंपन्यांना, मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत आलेल्या अफवेने भाव मोठा हलला की चोवीस तासांत ती खरी, खोटी की अर्धवट हे शेअर बाजाराला कळवावं लागतं. हा खुलासा बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाखाली कुणालाही फुकट वाचता येतो. गटात आलेली टिप आणि हा कागद शेजारी ठेवून पाहायला पाच मिनिटं लागतात, रेवसच्या लाँचची वाट पाहण्याइतकीही नाहीत.

(पुढच्या आठवड्यात : अप्पर सर्किट लागलेला शेअर सहसा विकत मिळतच नाही, मग लोअर सर्किटला काय होतं?)