नाकालाही कडू कळतं

पाडवा जवळ आला की मोबाइलवर कडुनिंबाचं माहात्म्य सुरू होतं. ‘फुफ्फुसांतही कडू चव ओळखणारे रिसेप्टर असतात, तेव्हा पाला चावा आणि दमा पळवा’ हा त्यातला एक नवा प्रकार. पहिलं अर्धं वाक्य अगदी खरं आहे. घोटाळा उरलेल्या अर्ध्यात आहे.

माणसात हे रिसेप्टर पंचवीसेक प्रकारचे. विष पोटात जाण्याआधी थुंकायला लावणं हे त्यांचं काम, असं आजवर शिकवलं गेलं. पण ते नाकातही असतात, आणि नाकात कोण चव घेतं?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले नाकाचे सर्जन नोआम कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये याचं झकास उत्तर दिलं. सायनसच्या शस्त्रक्रियेत निघालेल्या अस्तराच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. स्यूडोमोनास जिवाणू आपली संख्या पुरेशी झाली का, हे एकमेकांना कळवायला काही रेणू सोडतात. हल्ल्याआधीची ही कुजबुज नाकातला ‘टी२आर३८’ हा रिसेप्टर नेमकी टिपतो. काही मिनिटांतच पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. ते जिवाणू मारतं, शिवाय पेशींवरचे सूक्ष्म केस भराभर हलू लागतात आणि शेंबूड जिवाणूंसकट घशाकडे ढकलला जातो.

सगळ्यांची नाकं मात्र इतकी तल्लख नसतात. १९३१ मध्ये ड्यूपाँट कंपनीत आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी नावाची पावडर हवेत उडाली. शेजारचा सहकारी ‘कडू, कडू’ म्हणून करवादला. फॉक्सना काहीच लागेना! फरक जनुकाचा होता, आणि ते जनुक याच टी२आर३८चं. ज्यांच्यात त्याच्या दोन्ही प्रती ‘बेचव’ असतात, त्यांच्या नाकातल्या पेशीही कोहेन यांच्या प्रयोगात मठ्ठच निघाल्या. सायनस पुन्हापुन्हा का भरतो, याचं उत्तर काही रुग्णांपुरतं तरी आईबापांकडून आलेल्या या प्रतींत असू शकतं.

खालच्या श्वासनलिकांचं प्रकरण वेगळं. २०१० मध्ये मेरीलँडमध्ये दीपक देशपांडे, स्टीफन लिगेट आणि सहकाऱ्यांनी या नलिकांच्या स्नायूंवर कडू द्रव्यं वापरून पाहिली. नळ्या आवळतील असा अंदाज होता. त्या चक्क सैल पडल्या. दमा असलेल्या उंदरांना ही द्रव्यं श्वासातून दिली तेव्हाही तेच झालं.

मेख इथेच आहे. चावलेला पाला पोटात जातो, श्वासनलिकेत नाही. कडू खाऊन दम्याला उपयोग होणार नाही, हे तर लिगेट यांनीच तेव्हा बजावलं होतं. औषध व्हायचं तर ते फवाऱ्यातून द्यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी तेवढंच गाळलं. तेव्हा पाडव्याला गूळ-ओव्याबरोबर पाला खुशाल खावा, पण डॉक्टरांनी दिलेला इनहेलर बंद करू नये.